तुझ्या हातातला माझा हात

दादा, परवा वडूजहून सांगलीला परत येताना एस.टी.त माझा डावा हात गिअर टाकत होता. मी खिडकीशी बसले होते. पिशवी पायाशी, हात मांडीवर. मायणीच्या पुढं चढ लागला आणि हात आपोआप मिटला, मागं आला, डावीकडं सरकला, पुन्हा मागं ओढला गेला. ड्रायव्हरनं गिअर बदलला तो त्यानंतर. मी हात पदराखाली घेतला. शेजारच्या बाईंनी विचारलं, थंडी वाजतेय का. मी हो म्हणाले.

मी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही, हे तुला माहीत आहे.

तुझे तेरा दिवस मी वहिनीजवळ राहिले. येणारी माणसं तुझ्याबद्दल बोलत होती. फौजेतली तुझी ड्रायव्हरची नोकरी, बर्फातले रस्ते, हवालदारसाहेब कसे कडक आणि कसे दिलदार. ते सगळं खरं आहे आणि ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला तुझ्याशी फक्त एका हाताबद्दल बोलायचं आहे. तुझ्या डाव्या. बोलायचं म्हणजे कबूल करायचं आहे. तू समोर होतास तेव्हा रोज संधी होती. तेव्हा तोंड उघडलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

ज्या विहिरीत तू लहानपणापासून सूर मारत आलास, तिच्यातच तुझी मान मोडली. दर उन्हाळ्यात सुट्टीला आलास की पहिली उडी तिथं. रिटायर होऊन आल्यावर तर रोजचंच. त्या वर्षी पाणी चार हात खाली गेलं होतं आणि एरवी खोल बुडालेला कातळ पाण्याच्या जेमतेम खाली आला होता. तो तुला वरून दिसला नाही. वहिनी काठावर कपडे पिळत होती. ती सांगते, तू वर आलास पण पालथाच आलास, आणि तिला वाटलं तू नेहमीसारखी चेष्टा करतोयस. ते वाटण्यात किती वेळ गेला, हे ती अजून मनातल्या मनात मोजते.

ऑपरेशन झालं. जीव राहिला. काही महिन्यांनी खांदे उचलायला लागलास, कोपर वळायला लागलं, मनगटही थोडंसं. त्याच्या पुढं काही नाही. तुझे दोन्ही तळहात मांडीवर उताणे पडलेले असायचे, कुणी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखे.

मी तुला सांगलीला आणलं, ते तुला नको होतं. विश्रामबागेत आमच्या घरापासून जवळच एका केंद्रात हाताच्या व्यायामाचं नवीन यंत्र आलं होतं. माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं. वहिनीला जनावरं आणि शेत सोडून येता येईना. तू म्हणालास, बहिणीच्या दारात पडून राहणार न्हाई. मी म्हणाले, माझं पहिलं शिलाई मशीन तू एस.टी.च्या टपावर बांधून आणलं होतंस, तेव्हा मी काही म्हणाले होते का. त्याचा नि ह्याचा काही संबंध नव्हता, पण तू आलास.

ते यंत्र आठवतं? टेबलावर पेटीएवढं धूड, त्यातून निघालेल्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला काळा जाड हातमोजा. तो तुझ्या हातात चढवायचा. नळ्यांतून हवा भरली की बोटं मिटायची, सोडली की फुस्स करून उघडायची. दुसरा हातमोजा पातळ, तारांचा. तो माझ्या हातात. मी जे करीन ते टेबलापलीकडं तुझा हात करायचा, जरासा मागून. स्नेहल मॅडम, तुझा व्यायाम घेणारी ती शेजारच्या गावची जैन पोरगी, समजावून सांगायची की हाताला हालचालीची आठवण करून देत राहायचं, आणि तुम्ही त्याच वेळी मनानं जोर लावायचा. कधीतरी दोन्हीची गाठ पडते.

पहिल्या दिवशी मी मूठ मिटली. पलीकडं तुझी बोटं एकेक करून वळली. करंगळी आधी, अंगठा शेवटी. मी अशीच मूठ मिटते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तू खांदा झटक्यात मागं घेतलास.

"कोन हाय त्यात?" तू विचारलंस.

मॅडम हसल्या. तू हसला नाहीस. मी म्हणाले, मी आहे दादा. तू माझ्याकडं बघितलंस, मग हाताकडं, आणि बराच वेळ हाताकडंच बघत राहिलास. बोटांना स्पर्श कळत नव्हता, पण कोपरात ओढ कळते म्हणालास. काही दिवसांत तर त्या ओढीवरून तू मला ओळखायला लागलास. एकदा आमच्या ह्यांच्याशी भांडून आले होते, तोंडावर काही दाखवलं नव्हतं. तू यंत्रात हात असतानाच म्हणालास, आज तणतणत आलीयास. माझ्या हातातला राग तुझ्या हातात गेला होता. मला ते आवडलं नाही. घरी येऊन मी साबणानं हात धुतले, कशासाठी कोण जाणे.

मग तू गिअरचा हट्ट धरलास. म्हणालास, ही मूठमूठ बास झाली, मला माझा हात दे. मला गिअर टाकता येत नव्हता, तर तू मला शिकवायला बसलास. टेबलाच्या अलीकडं मी हवेत गिअर धरायची, पलीकडं तुझा हात तेच करायचा. मी चुकले की तुझा हात चुकायचा आणि तू माझ्यावर नाही, हातावर ओरडायचास. "आरं दुसरा टाक, चढ हाय म्होरं." मॅडम तोंडाला रुमाल लावून हसायच्या. तू डोळे मिटून रस्ता सांगायचास. वळण आलं, पूल आला, उतार लागला, बर्फावरनं हळू. मी तुझ्या सांगण्यावर हात हलवायची. त्या दुपारी मी तुझ्यासोबत कुठं कुठं फिरून आले, दादा. तू वीस वर्षं जे बघितलंस ते मला तोवर कधी सांगितलं नव्हतंस. सुट्टीला आलास की तुला आमचंच ऐकायचं असायचं. त्या गाडीत बसवल्याबद्दल तुझे उपकार आहेत माझ्यावर.

पण हाताला आपण शिकवू तेवढंच कळतं असं नाही.

एका दुपारी मी मशीनवर बसले होते, तू पलीकडच्या कॉटवर. केंद्रातून येऊन दोन तास झाले होते. तू मला हाक मारलीस, अगदी हळू, जसं कुणी घरात साप दिसल्यावर मारतं. मी वळून बघितलं. तुझा डावा हात चादरीवर होता आणि अंगठा पहिल्या बोटावर घासत होता. थोडासाच. पुढं, मागं, पुढं. हातात हातमोजा नव्हता, नळी नव्हती.

मी नवीन कापड हातात आलं की अशी चिमटीत घासून बघते. पोत बघायची शिंप्याची सवय. यंत्राशी बसल्यावरही नकळत करत असणार, दिवसातून शंभरदा. ती सवय तुझ्या बोटांनी उचलली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. बोटं हलत होती. पण तुझा चेहरा बघून मी मशीनवरून उठले. तू म्हणालास, "मी हालवत न्हाई, मंगे. हे माझं न्हाई. माझ्या हातात तू शिरलीयास." मग घासणं थांबलं. तू मला हात चादरीखाली झाकायला सांगितलंस आणि मी झाकला.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असे पेटके येतात, त्याला आपण अर्थ चिकटवतो. असेल. मी त्यानंतर यंत्राशी बसताना बोटं आवरून बसायची. ते पुन्हा कधी दिसलं नाही. पण चादर तोंडापर्यंत ओढून झोपणारा तू, त्या दिवसापासून डावा हात चादरीबाहेर, अंगापासून लांब ठेवून झोपायला लागलास.

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले.

तिसरा महिना संपत आला होता. तुझ्या मनानं घेतलं होतं की हे सगळं फुकट आहे. तू जेवण कमी केलंस. वहिनीचा फोन आला की डोळे मिटून पडायचास. मॅडमनी त्या दिवशी चाचणी ठेवली होती. माझा हातमोजा काढायचा, हवा बंद ठेवायची, आणि तू आपल्या जोरावर बोटं मिटायचा प्रयत्न करायचा. त्या सांगून शेजारच्या खोलीत कुणा पेशंटला बघायला गेल्या. मी हातमोजा अजून काढला नव्हता आणि त्यांनी यंत्राची कळ अजून फिरवली नव्हती. तुला वाटलं, सुरू झालं.

तू जोर लावलास. कपाळावरची शीर वर आली, मान थरथरली, ओठ दाताखाली गेला. हात तसाच उताणा. तू दोनदा श्वास घेतलास आणि तिसऱ्यांदा लावलास. तुझ्या डोळ्यांत त्या वेळी जे आलं ते मला बघवलं नाही. माझा हात टेबलाखाली, मांडीवर होता. मी तो मिटला.

तुझी बोटं मिटली.

मी मुद्दाम हळू मिटला, दादा. अडखळत. दोन बोटं अर्धी सोडली. खरं वाटावं म्हणून. मी इतकी हुशारी कधी कापडातसुद्धा दाखवली नसेल. आणि तू रडलास. बाबा गेले तेव्हा तू रडला नव्हतास. वहिनीला फोन लावायला लावलास आणि म्हणालास, "रतन, झाकली गं मूठ. आपल्या आपण."

संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला घेतलं. यंत्र सगळं नोंदवतं. पडद्यावर दोन रेघा असतात, वरची माझ्या हातमोज्याची, खालची तुझ्या. वरची चढली की तिच्यामागून खालची चढते. त्यांनी काही आरोप केला नाही. एवढंच म्हणाल्या, "ताई, मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगा त्यांना." मी म्हणाले, सांगते.

त्या दिवशी तू दोन भाकरी खाल्ल्यास. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणालास, चल लवकर. मी कसं सांगणार होते? आठवडाभर रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. मग एके दिवशी केंद्रातून घरी येताना, रिक्षात, तूच विचारलंस. पुढं बघत विचारलंस.

"त्या दिवशी तुझा हात हातमोज्यात हुता का?"

"नव्हता," मी म्हणाले.

"आईची आन?"

आई जाऊन आठ वर्षं झाली होती. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला आपण दोघांनी आळीपाळीनं पाणी पाजलं होतं. मी म्हणाले, "आईची आन."

तू "बरं" म्हणालास. रिक्षा सिग्नलला थांबली होती. मला तुझ्या बरंचा अर्थ तेव्हाही लागला नाही आणि अजून लागलेला नाही. विश्वास बसला म्हणून बरं, की बहीण आईला मध्ये घालून खोटं बोलली हे कळलं आणि पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून बरं? तू त्यानंतर जास्तच जोर लावायला लागलास. कधीकधी माझा हात बघायचास. टेबलाखाली आहे की वर.

मग घरी जायचं काढलंस. मी तुझ्याशी भांडले. म्हणाले, अजून दोन महिने थांब, आता कुठं हात जागा होतोय. तू म्हणालास, मला माझ्या घरी जायचंय. मी म्हणाले, घरी कोण करणार हे सगळं, वहिनी एकटी काय काय बघेल. शब्द वाढत गेले. मी म्हणाले, तुला बरं व्हायचंच नाही. हे मी म्हणाले, दादा. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मी जातो. हात ऱ्हाऊ दे हितं." तुझी चेष्टा असेल. पण तुला गाडीत ठेवताना मी दोनदा बघितलं, तुझे दोन्ही हात तुझ्याजवळ आहेत ना.

घरी तुला तीन आठवडे मिळाले. वहिनी म्हणाली, ओट्यावर खुर्ची टाकली की तू दिवसभर विहिरीच्या बाजूला बघत बसायचास, आणि रागानं नाही. मग साधी सर्दी झाली. मान मोडलेल्यांची छाती कमजोर होते, कफ बाहेर टाकायची ताकद राहत नाही, हे आम्हाला सांगितलेलं होतं. सकाळी निरोप आला आणि दुपारी मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. भांडण तसंच राहिलं. मी तुला फोनवरही म्हणाले नव्हते की चुकलं माझं.

काल स्नेहल मॅडमचा फोन आला. तुझ्या जागी नवीन पेशंट येणार होता. त्यासाठी यंत्रातली तुझी सगळी नोंद काढून टाकायची होती. त्या म्हणाल्या, काढायच्या आधी तुम्ही एकदा या, मला काहीतरी दाखवायचंय. मी दुपारी गेले. खुर्ची तीच होती. काळा हातमोजा टेबलावर पडला होता, हवा गेलेला.

मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. तू सांगलीहून घरी जायच्या चार दिवस आधीची दुपार. दोन रेघा. माझी वरची रेघ सपाट, टेबलावर काढून ठेवलेल्या हातमोज्याची असते तशी. आणि खाली तुझी रेघ एकटीच चढत होती.

"हवा बंद होती," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हात बाहेर होता. मी तेव्हा बघायला हवं होतं, बघितलं नाही."

मी म्हणाले, पेटका असेल. त्या म्हणाल्या, पेटका झटक्यानं येतो आणि जातो. हे हळूहळू चढलंय, मध्ये थांबलंय, मग परत चढलंय. दमून थांबावं तसं. छातीठोकपणे त्या काही सांगणार नाहीत, पण त्यांना पेटका वाटत नाही.

आणि मला ती दुपार आठवली. माझा फोन वाजला होता. लग्नाच्या ब्लाऊजच्या बाह्या तोकड्या झाल्या म्हणून एक बाई तावातावानं बोलत होती. मी हातमोजा काढून ठेवला, खिडकीशी गेले आणि तुझ्याकडं पाठ करून तिची समजूत काढत बसले. मागून तुझा आवाज आला, "मंगे, बघितलंस?" मी वळले नाही. हात मागं करून म्हणाले, "बघितलं, बघितलं." फोन ठेवून आले तेव्हा तुझा हात नेहमीसारखा उताणा होता. तू हाताकडं बघत नव्हतास. माझ्याकडं बघत होतास. मी विचारलं, काय रे. तू म्हणालास, काही न्हाई.

पाच महिन्यांत एकदा तू हात खरा हलवलास, आणि मी बाह्यांचं माप सांगत होते. तू मला पुन्हा सांगितलं नाहीस. कसं सांगणार? आईची शपथ घेऊन खोटं बोलणारी बहीण तुला काय म्हणाली असती? बघितलं, म्हणाली असती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू घरी जायचं काढलंस.

मॅडम म्हणाल्या, साठवलेली हालचाल यंत्रातून पुन्हा चालवता येते. काळ्या हातमोज्यात हात घातला तर जशीच्या तशी होते. घालायचाय का? मी नको म्हणाले आणि हात पुढं केला.

हातमोजा आतून गार होता. मला मोठा होत होता, बोटांची टोकं पोकळ राहत होती. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. तुझा अंगठा आधी हलला, दादा, करंगळी नाही. मग पहिलं बोट, मग बाकीची. थांबली. तिथं तू श्वास घेतला असशील. परत मिटायला लागली, आणि माझी बोटं त्यांच्याबरोबर आत आत गेली. माझ्या हाताची ती पद्धत नव्हती. मी इतके दिवस तुझ्या हातात होते. आता तू माझ्या हातात होतास आणि मला कोपरात ओढ लागत होती. तू सांगायचास तशीच.

हवा सुटली. फुस्स झालं.

मॅडमनी विचारलं, आता काढून टाकू का नोंद. मी हो म्हणाले. तुला यंत्रात ठेवून मी काय करणार होते? त्यांनी पडद्यावर बोट नेलं आणि थांबल्या. म्हणाल्या, ताई, आधी हात बाहेर काढा.

मी खिडकीकडं बघत बसले होते. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. मग त्यांनी स्वतः नळी सोडवली, पट्टा सैल केला आणि विचारलं, अडकलाय का?

मी म्हणाले, हो, अडकलाय.

अडकला नव्हता, दादा. एवढं तुला खरं सांगते.